पाचोळ्याखालचे पांढरे धागे: बुरशी की जिवाणू?

मेच्या अखेरीस गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात वळवाची सर पडली की देवराईतून मातीचा वास सुटतो. तो बुरशीचा, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. पाचोळा उचलला की खाली पांढरी जाळी, नाकात तो वास, मग मन दोन्हींची गाठ मारून मोकळं होतं. पण त्या वासाचा मुख्य घटक जिओस्मिन, आणि मातीत तो प्रामुख्याने स्ट्रेप्टोमायसिससारखे जिवाणू तयार करतात. हेही धाग्याधाग्यांनी वाढतात. इतके, की त्यांच्या गटाचं जुनं नाव अ‍ॅक्टिनोमायसिट्स, म्हणजे किरणांसारखी बुरशी! आता त्यांना अ‍ॅक्टिनोबॅक्टेरिया म्हणतात.

बुरशीचा धागा साधारण २ ते १० मायक्रोमीटर जाड, या जिवाणूंचा जेमतेम १. बुरशीच्या पेशीची भिंत कायटिनची, कुर्लीच्या कवचात असतं तेच. जिवाणूची भिंत अगदी वेगळी. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिसपासून मिळालेलं स्ट्रेप्टोमायसिन क्षयाच्या जंतूंना मारतं, बुरशीला नाही. नुसत्या डोळ्यांनी ओळखायचं तर ओला पाला एकमेकांना शिवल्यासारखा चिकटलेला आणि मधून दोरे गेलेले असतील, तर ती बुरशी. कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, खताच्या ढिगात, हाताला ऊब लागते तिथे, राख भुरभुरल्यासारखा करडा थर दिसला, तर तो बहुधा या जिवाणूंचा.

खरा फरक कळतो तो माती सुकल्यावर. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. त्यामुळे इथल्या मातीला कोरडे महिने नवे नाहीत, पाऊस लांबला की मात्र कसोटी लागते. मातीच्या कणांवरचा पाण्याचा पातळ पापुद्रा तुटला की साध्या जिवाणूंचं खाणंपिणं बंद होतं. स्ट्रेप्टोमायसिस बीजाणू करून वाट बघत बसतो, म्हणून सुकलेल्या मातीत या गटाचं प्रमाण अनेकदा वाढलेलं दिसतं. बुरशी मात्र धागा लांबवते, हवेने भरलेली कोरडी फट ओलांडते आणि पलीकडच्या बारीक छिद्रातलं पाणी गाठते. दोघांनाही ‘दुष्काळ सोसणारे’ म्हणतात, पण एक थांबतो, दुसरी चालत राहते. त्या काळात कामी येते ती चालणारी.

आणि ही चालणारी झाडांना जास्त बांधलेली आहे. मुळांशी जोडलेल्या बुरशीला यजमान लागतो, पाला कुजवणाऱ्या बुरशांच्याही आवडीनिवडी असतात. पानातलं चिवट लिग्निन फोडण्यात बुरशीचा हात कोणी धरत नाही. किंदळ, माट्टी, जांभूळ, कुंभा एकत्र उभे असतात तिथे पाला तऱ्हेतऱ्हेचा, मुळं तऱ्हेतऱ्हेची, म्हणून बुरशाही अनेक. नुसत्या अकेशियाच्या किंवा काजूच्या उतारावर एकाच चवीचं जेवण वर्षानुवर्षं. जिवाणूंवर झाडांच्या जातींपेक्षा मातीच्या आम्लतेचा प्रभाव मोठा, त्यामुळे जाती कमी झाल्या की फटका सहसा बुरशीला आधी बसतो.

मिश्र जंगलाला दुष्काळ जाणवतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. दाट सावलीने ओल टिकते, पण तीच झाडं कधीकधी मिळून जास्त पाणीही ओढतात. जागेप्रमाणे उत्तर बदलतं.

२०२३च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले. आगीची धग जिवाणूंपेक्षा बुरशीला जास्त मारते, आणि सावरायला तिला कित्येक वर्षं लागू शकतात. स्ट्रेप्टोमायसिसचे बीजाणू मात्र तग धरतात, त्यामुळे जळलेल्या मातीतूनही पहिल्या पावसाला तो वास येऊ शकतो. म्हणून अशा उतारावर मी वास घेऊन परतत नाही. खाली बसून पाला उचलतो आणि दोरे शोधतो.