कर्ज मंजूर झालं, पण आता नको आहे? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

वैयक्तिक कर्ज मंजूर होतं आणि चार दिवसांत गरजच उरत नाही. लग्नाच्या खर्चाला भाऊ उभा राहतो, भिशी लागते, किंवा हप्त्याचा आकडा बघून घरात कोणालाच झोप लागत नाही. आम्ही कर्ज मिळवून देणारे मध्यस्थ, मग आमच्याकडे फोन येतो, "आता नाही म्हटलं तर चालेल का?" चालतं. फक्त पैसे खात्यात आलेत की नाही, ते आधी बघा.

आले नसतील तर काम सोपं आहे. मंजुरीपत्र आलं म्हणून कर्ज घ्यायलाच हवं असं नाही. त्याआधी मिळणारं केएफएस, म्हणजे कर्जाचा सगळा खर्च मांडलेला तक्ता, सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असतं. हे दिवस विचार करायलाच दिलेले आहेत. सह्या झाल्या असतील तरी कर्ज देणाऱ्या संस्थेला लगेच ईमेल करा, नुसत्या फोनवर थांबू नका. मजकूर एवढाच पुरे: "माझ्या कर्जाची रक्कम वितरित करू नये, हप्त्याचा मँडेट रद्द करावा आणि तसे लेखी कळवावे." मँडेट म्हणजे हप्ता खात्यातून आपोआप कापायला तुम्ही दिलेली परवानगी. व्याज पैसे दिल्याच्या दिवसापासूनच लावायचं, मंजुरीच्या तारखेपासून नाही, असं रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये बजावलं आहे. भरलेली प्रोसेसिंग फी मात्र परत मिळेलच असं नाही.

पैसे जमा झाले असतील तर त्यातला रुपयाही खर्चू नका. ॲपवरून किंवा ऑनलाइन घेतलेल्या डिजिटल कर्जाला कूलिंग-ऑफ मुदत, म्हणजे कर्ज परत करून बाहेर पडायला दिलेले दिवस, असते. ती किमान एक दिवसाची असावी असा नियम आहे. तुमच्या कर्जाला किती दिवस आहेत ते केएफएसमध्ये सापडेल. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरलं की दंड न भरता बाहेर पडता येतं. प्रोसेसिंग फी ठेवून घ्यायची मुभा कर्ज देणाऱ्या संस्थेला आहे, पण ती केएफएसमध्ये आधी सांगितलेली हवी.

इथे हिशेब चुकतो, म्हणून आकडे मांडतो. समजा कर्ज २,००,००० रुपये, व्याज १५ टक्के. दोन टक्के फी ४,००० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी ७२० कापून खात्यात १,९५,२८० आले. परत करायचे ते पूर्ण दोन लाख. वर दिवसाला सुमारे ८२ रुपये व्याज, तीन दिवसांचे २४७. म्हणजे जवळपास पाच हजार खिशातून घालावे लागतात. ते आधीच बाजूला काढा. ऐनवेळी धावपळ करताना मुदत निघून जाते.

पैसे खात्यात तसेच पडू दिले म्हणजे कर्ज रद्द झालं, असं समजू नका. ते चालूच राहतं आणि हप्ता कापला जातो. परतफेड कर्ज देणाऱ्या संस्थेच्याच खात्यात करा. कोणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर पाठवू नका, आमच्या माणसाच्यासुद्धा नाही.

शाखेत जाऊन घेतलेल्या कर्जाला कूलिंग-ऑफ असेलच असं नाही. तिथे मुदतपूर्व फेडीचं शुल्क करारात बघावं लागतं. कर्जासोबत विमा गळ्यात पडला असेल तर त्याचा अर्ज वेगळा करायचा. आयुर्विमा किंवा आरोग्यविमा असेल, तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

पैसे फेडल्यावर 'बाकी काही नाही' असं पत्र घ्याच. महिना-दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्टमध्ये कर्ज बंद दिसतंय का, ते तपासा. वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. संस्थेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.

कर्ज वितरित झालं तरच आम्हाला मेहनताना मिळतो, हे तुम्हाला ठाऊक असावं. तरीही रद्द करण्याचा अर्ज आम्ही लिहून देतो आणि त्याचे पैसे घेत नाही. येताना मंजुरीपत्र, केएफएस आणि पैसे जमा झाल्याचा मेसेज घेऊन या, आणि शक्य असेल तर त्याच दिवशी या.