‘करण्यात येईल’, पण कोण करणार?

अर्ज, नोटीस, वॉरंटी कार्ड टाइपला देण्याआधी ग्राहकांनी वाचायचे माहितीपत्रक

ठिबकच्या वॉरंटी कार्डासाठी असा मजकूर हमखास येतो: ‘फिल्टर वेळोवेळी साफ करण्यात यावा. अन्यथा होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी घेतली जाणार नाही.’ शेतकरी समजतो, दुकानाचा माणूस येऊन साफ करेल. दुकानदार समजतो, शेतकऱ्याने करायचे. जाळी तुंबते, ड्रिपर बंद पडतात आणि भांडण काउंटरवर येते. दोन वाक्यांत दोन वेगळे कर्ते आहेत, आणि दोन्ही गायब. आम्ही तो मजकूर असा करून देतो: ‘फिल्टरची जाळी तुम्ही दर आठवड्याला धुवा. जाळी तुंबून ड्रिपर बंद पडले, तर दुकान ते बदलून देणार नाही.’

असे वाक्य ओळखायचे तर शेवटचे क्रियापद पाहा. ‘-ण्यात आले, -ण्यात येईल, -ण्यात यावे’ किंवा ‘केली जाते, दिला गेला’ दिसले की त्याखाली रेघ मारा. नुसते ‘आली’, ‘गेली’ दिसले म्हणून घाबरू नका; ‘गाडी सावद्याहून आली’ हे सरळ वाक्य आहे. ‘कडून’चेही तसेच: ‘मी व्यापाऱ्याकडून पाइप घेतला’ यात कर्ता समोर उभा आहे.

शाळेत शिकलेला कर्मणी प्रयोग आणि ही अडचण एकच नव्हे. ‘समितीने ठराव मंजूर केला’ हा व्याकरणाने कर्मणीच, पण कोणी केला ते स्पष्ट आहे. त्याला हात लावू नका. हात लावायचा तो ‘ठराव मंजूर करण्यात आला’ला.

रेघ मारलेल्या क्रियापदाला ‘कोणी?’ विचारा. उत्तर वाक्यातच ‘कडून’, ‘मार्फत’, ‘तर्फे’ लावून बसले असेल तर ते पुढे आणा. नसेल तर आधी शोधा. कर्ता आम्ही मनाने घालू शकत नाही. मग क्रियापद आखडा: ‘पाहणी करण्यात आली’ऐवजी ‘पाहणी केली’, ‘सादर करण्यात आला’ऐवजी ‘दिला’. मे-जूनच्या वादळात केळी आडवी झाली की अर्ज येतात: ‘नुकसानीचा पंचनामा करण्यात यावा.’ त्याऐवजी ‘ग्राम महसूल अधिकारी (तलाठी), सहायक कृषी अधिकारी (कृषी सहायक) आणि ग्रामपंचायत अधिकारी (ग्रामसेवक) यांनी माझ्या गटातील केळीचा पंचनामा करावा’ असे लिहिले, की काम कोणाच्या टेबलावर आहे ते कळते. गट नंबर मात्र घालाच.

अर्धवट बदल सगळ्यात वाईट. ‘आमच्याकडून माल पाठवू’ किंवा ‘आम्ही माल पाठवण्यात येईल’ अशी वाक्ये यातूनच होतात. भूतकाळात क्रियापदही पुन्हा तपासा: ‘मंडळाने सभासदांना बोलावले’, ‘बोलावली’ नाही, कारण ‘ना’ लागला की क्रियापद कर्माप्रमाणे बदलत नाही.

माहिती अधिकाराच्या अर्जात तर शब्द मोजून वापरावे लागतात. महाराष्ट्राच्या 2012 च्या नियमाप्रमाणे विनंती साधारण 150 शब्दांत आणि एकाच विषयावर असावी लागते. ‘माहिती उपलब्ध करून देण्यात यावी’ हे पाच शब्द. ‘माहिती द्यावी’ हे दोन. वाचलेल्या जागेत कालावधी आणि कागदाचे नाव लिहा.

सगळीकडे कर्ता ओढून आणायचा नाही. ‘विहिरीवरची मोटर चोरीला गेली’ हेच बरोबर. चोर माहीत असता तर गोष्ट वेगळी. कोर्टाच्या कागदांची ठरलेली भाषा वकिलांना विचारल्याशिवाय आम्ही बदलत नाही. उधारीच्या पत्रात ‘तुम्ही पैसे दिले नाहीत’ लिहिले तर जुने गिऱ्हाईक दुखावते, आणि ‘रक्कम अदा करण्यात आलेली नाही’ हे अगदीच सरकारी. ‘मार्चच्या बिलाचे पैसे अजून मिळाले नाहीत’ असे लिहा. बोट कोणाकडे जात नाही आणि अर्थही लपत नाही.

मसुदा आणताना रेघ मारलेल्या प्रत्येक वाक्यासमोर समासात कर्त्याचे नाव किंवा हुद्दा पेन्सिलने लिहून आणा. जिथे तुम्हालाच माहीत नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. त्या ओळी आम्ही तुमच्याशी बोलूनच टाइप करू.