हिरवळ दिसली म्हणजे वसाहत 'हरित' झाली का?

छपरावर सोलर, दारात लॉन आणि चार माड लावले की वसाहतीला हरित प्रमाणपत्र मिळतं, असा समज गोव्यात वर्षानुवर्षं फिरतोय. जाहिरातींतली चित्रं तशीच असतात, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे.

पण अख्ख्या वसाहतीसाठीचे निकष सुरू होतात ते जागेपासून. 'लीड' (LEED) या अमेरिकेतल्या हरित-प्रमाणपत्र पद्धतीच्या वसाहत-मानकात एकूण 110 गुण असतात आणि 40 मिळाले की प्रमाणपत्र. मात्र गुण मोजण्याआधी काही अटी सक्तीच्या आहेत: पाणथळ जागा, शेतजमीन आणि पुराचं क्षेत्र यांचं रक्षण, चालता येण्याजोगे रस्ते, दाट वस्ती. या अटींना पर्याय म्हणून सोलरचे गुण चालत नाहीत. आपल्याकडे याला फार अर्थ आहे. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखालची जमीन; बांध आणि मानस (भरती-ओहोटीचं पाणी अडवणारं-सोडणारं दार) यांच्या जोरावर ती टिकते आणि पावसाचं पाणी पोटात घेते. ती बुजवून वर बाग फुलवली, तर ते पाणी शेजारच्या वाड्यात शिरतं.

सोलरलाही गुण आहेतच, पण थोडे.

खात्री करायची तर बिल्डरकडे गुणपत्रक मागा. प्रमाणपत्र एका इमारतीचं की पूर्ण वसाहतीचं, नुसत्या आराखड्याचं की बांधून झालेल्या कामाचं, हे त्यावर पाहा. आराखड्यालाही प्रमाणपत्र मिळतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मग जुलैत, भर पावसात, तिथे जा. बसथांबा साधारण 400 मीटरवर आहे का, ते चालून बघा. पाणी कुठे जातंय, ते शेजाऱ्यांना विचारा.