फंक्शन ऑब्जेक्ट

प्रोग्रॅमिंगमध्ये फंक्शनसारखा कॉल करता, म्हणजे नावापुढे कंस लावून चालवता येतो, पण आत स्वतःची माहितीही बाळगतो, असा ऑब्जेक्ट. सी प्लस प्लसवाले त्याला सर्रास ‘फंक्टर’ म्हणतात. गणितात त्या शब्दाचा अर्थ निराळाच आहे. अशा ऑब्जेक्टचा क्लास, म्हणजे साचा, बहुधा दहा-पंधरा ओळींचा असतो: ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा कन्स्ट्रक्टर, माहिती ठेवणारे एकदोन डेटा मेंबर आणि कॉल झाल्यावर चालणारी मेथड. पायथनमध्ये ही मेथड दुहेरी अंडरस्कोरांमधली ‘कॉल’, तर पीएचपीत ‘इन्व्होक’. जावात ऑब्जेक्टपुढे नुसते कंस लावता येत नाहीत. तिथे कंपॅरेटरसारखा इंटरफेस, म्हणजे कोणती मेथड असावी हे ठरवणारा करार, तेच काम करतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला, माल वजन झाला, की अडत्या शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, करतो. पट्टीसाठी साधे फंक्शन लिहिले तर वजन, पोती आणि भाव यांच्याबरोबर हमाली-तोलाईचे दरही प्रत्येक कॉलला द्यावे लागतात. ते ग्लोबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामला सामाईक ठेवावेत, तर हळदीच्या पट्टीला बेदाण्याचे दर लागायला वेळ लागत नाही. ‘पट्टी’ क्लासचा कन्स्ट्रक्टर हे दर एकदाच घेतो. समजा, हमाली पोत्यामागे 10 रुपये आणि तोलाई 5. मग 20 पोती, 10 क्विंटल आणि क्विंटलला 15,000 रुपये एवढेच सांगितले, की ऑब्जेक्ट 1,50,000 मधून 300 वजा करून 1,49,700 हातात देतो. बेदाण्याला त्याच क्लासचा दुसरा ऑब्जेक्ट, बॉक्समागचे दर घेऊन.

दर आत ठेवणे ठीक. दिवसभराची बेरीजही आतच ठेवायचा मोह मात्र आवरावा. सी प्लस प्लसच्या प्रमाण लायब्ररीतले, यादीतल्या प्रत्येक घटकासाठी कॉल करणारे ‘फॉर ईच’ ऑब्जेक्टची प्रत घेते. बेरीज त्या प्रतीत वाढते आणि आपल्याकडचा मूळ ऑब्जेक्ट शून्यावरच राहतो. ‘फॉर ईच’ निदान ती प्रत परत करते, यादी क्रमाने लावणारे ‘सॉर्ट’ तेही करत नाही. म्हणून कॉलची मेथड ‘कॉन्स्ट’ लिहिलेली बरी: आतले काही बदलायला गेले की कंपायलरच अडवतो.

तुलना किंवा बेरीज करणारे ‘लेस’, ‘ग्रेटर’, ‘प्लस’ हे तयार क्लास सी प्लस प्लसच्या 1998 च्या प्रमाण आवृत्तीपासून आहेत. 2011 मध्ये लॅम्डा, म्हणजे लागेल तिथेच लिहायची बिननावाची फंक्शन, आले आणि एकदाच लागणारे छोटे क्लास लिहिण्याची गरज सरली. लॅम्डासाठी कंपायलर पडद्याआड बिननावाचा क्लासच बनवतो. जावात लॅम्डा 2014 मध्ये, आठव्या आवृत्तीत आले. पट्टीसारखे काम चार ठिकाणी लागते, त्याची वेगळी चाचणी घ्यावी लागते. तिथे नाव असलेला क्लासच सोयीचा.

भावाप्रमाणे लॉट लावणारा क्लास लिहिताना एक चूक हमखास होते: ‘पेक्षा कमी’ऐवजी ‘पेक्षा कमी किंवा समान’ची तुलना. सौद्यात दोन लॉटांना एकच भाव निघणे रोजचेच. तसे झाले की पहिला दुसऱ्याच्या आधी आणि दुसराही पहिल्याच्या आधी, असे उत्तर मिळते. मग ‘सॉर्ट’ काय करेल याची हमी भाषा देत नाही. ते यादीच्या बाहेरची मेमरीही वाचू शकते. चार लॉटांच्या चाचणीत हे बहुधा दिसत नाही. हंगामात यादी लांबली की प्रोग्राम मध्येच बंद पडू शकतो.