विष, उतारा आणि हॉस्पिटलमधला जंतू

मिरजेत हॉस्पिटलांच्या गल्लीतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर निम्मं गिऱ्हाईक पेशंटच्या नातेवाइकांचं असतं. जत, अथणी, विजापूर, सांगोला, कुठून कुठून माणसं आलेली असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. वॉनलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून या गावाकडे पेशंटांची रीघ आहे. अशाच एका टपरीवर जतकडच्या एका गृहस्थांनी वडिलांचा कल्चर रिपोर्ट (नमुन्यातले जंतू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते बघायची तपासणी) माझ्यापुढे धरला. लघवीत क्लेबसिएला न्यूमोनिई नावाचा जंतू. खाली औषधांची लांबलचक यादी आणि जवळजवळ प्रत्येकापुढे 'आर', म्हणजे जंतू या औषधाला दाद देत नाही. सेफ्ट्रिॲक्झोन आर, सिप्रोफ्लॉक्सासिन आर, जेंटामायसिन आर. आयसीयूतल्या सिस्टर ज्याला नुसतं 'मेरो' म्हणतात, ते ठेवणीतलं मेरोपेनेमसुद्धा आर.

गृहस्थ म्हणाले, "आधी इतकी इंजेक्शनं झाली की बाबांच्या अंगाला सवयच लागली बघा. आता महिनाभर सगळं बंद ठेवलं तर उतरंल न्हवं सवय?"

या एका वाक्यात दोन समजुती आहेत. पहिली चटकन निकालात निघते. दुसरी मात्र चांगल्या शिकल्या-सवरलेल्यांतही घट्ट बसलेली आहे, आणि ती चुकीची का आहे हे सांगताना मला माझ्या सगळ्यात लाडक्या विषयाकडे जाता येतं.

आधी पहिली. सवय अंगाला लागत नाही. अँटिबायोटिक बाबांवर नाही, बाबांच्या अंगातल्या जंतूंवर काम करतं. बरं, जंतूलाही औषध खाऊन खाऊन सवय होते असं नाही. १९५२ साली जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या जोडप्याने हे मखमलीच्या तुकड्याने दाखवून दिलं. जंतूंच्या वसाहती वाढलेल्या बशीवर मखमल हलकेच टेकवायची आणि तोच छाप औषध घातलेल्या दुसऱ्या बशीवर उमटवायचा. दुसऱ्या बशीत ज्या जागी जंतू तगले, तीच जागा पहिल्या बशीत शोधायची. त्या वसाहतीतले जंतू औषधाला पुरून उरणारे निघाले, आणि औषधाचं तोंडही त्यांनी पाहिलेलं नव्हतं! म्हणजे बदल आधीच झालेला असतो. औषध फक्त बाकीच्यांना मारून त्याला मैदान मोकळं करून देतं.

पण स्वतःच्या जनुकात चुकून झालेला बदल हा हॉस्पिटलमधल्या प्रश्नाचा लहान भाग आहे. मोठा भाग उसनवारीचा.

जपानमध्ये १९५० च्या दशकात हगवणीच्या शिगेला जंतूंनी डॉक्टरांना कोड्यात टाकलं. एकाच जंतूवर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन ही चारही औषधं एकदम चालेनाशी झाली. चार वेगवेगळे बदल एकाच जंतूत योगायोगाने जुळून यावेत हे गणितात बसत नव्हतं. १९५९ साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं की आतड्यातले नेहमीचे ई. कोलाय जंतू ही चारही जनुकं शिगेलाला एकगठ्ठा देऊ शकतात. जात वेगळी असली तरी!

हा गठ्ठा म्हणजे प्लास्मिड. जंतूचं मुख्य डीएनए एक मोठं वर्तुळ असतं. ई. कोलायचं साधारण ४६ लाख अक्षरांचं. त्याशिवाय पेशीत एखादं छोटं, स्वतंत्र वर्तुळ असू शकतं, काही हजार ते काही लाख अक्षरांचं. काही प्लास्मिडांकडे प्रवासाची सगळी सोय असते. प्लास्मिडवाला जंतू एक बारीक तंतू बाहेर काढतो, शेजाऱ्याला पकडतो, जवळ ओढतो. मग प्लास्मिडच्या दोन धाग्यांपैकी एकाला ठरावीक जागी चीर पडते आणि तो धागा उलगडत शेजाऱ्याच्या पोटात शिरतो. दोघेही आपापल्या एकेरी धाग्याला जोडीदार विणून घेतात. हे शेजारणीला विरजण दिल्यासारखं आहे. देणारीचं दही संपत नाही, आणि घेणारी उद्या तिसरीला विरजण द्यायला मोकळी. काही मिनिटांत काम फत्ते.

मेरोपेनेम तोडणाऱ्या एनडीएम-१ या एन्झाइमचं जनुकही असंच हिंडतं. दिल्लीत उपचार घेतलेल्या एका रुग्णाच्या क्लेबसिएलात ते २००८ साली स्वीडनमध्ये सापडलं. नावातलं 'एनडी' म्हणजे न्यू दिल्ली, त्यामुळे आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. पुढे २०११ साली दिल्लीतल्या साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये तेच जनुक मिळालं. नावावरून जेवढा आवाज उठला त्याच्या पाव हिश्शानेही या नळांवरून उठला नाही.

आता दुसरी समजूत. औषध बंद केलं की जंतू परत साधे होतील. तर्क तसा बिनचूक वाटतो. प्लास्मिड सांभाळणं फुकट नाही. दर विभाजनाला त्याची नक्कल काढायची, त्यावरची प्रथिनं बनवायची, यात पेशीची ऊर्जा जाते. औषध नसेल तर हे निव्वळ ओझं. मग ज्या पिल्लाकडून ते चुकून निसटलं, ते हलकं होईल, भराभर वाढेल आणि ओझेवाल्यांना मागे टाकेल. असंच व्हायला हवं ना?

होत नाही. कारण प्लास्मिडने निसटलेल्यांची सोय लावून ठेवलेली असते.

आर-१ नावाचं एक प्लास्मिड घेऊ. ॲम्पिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल, कॅनामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन आणि सल्फा या पाचांविरुद्धची जनुकं एकट्याच्या अंगावर. पेशीत त्याच्या प्रती मोजक्याच असतात, म्हणून वाटणी नशिबावर सोडून चालत नाही. त्यासाठी ते पार-एम नावाच्या प्रथिनाची एक काडी उभी करतं. काडीच्या दोन टोकांना दोन प्रती, आणि काडी लांबत जाऊन त्यांना पेशीच्या दोन कडांना ढकलते. पेशी मधोमध दुभंगली की दोन्ही पिल्लांना एकेक प्रत. एवढं करूनही कधी चूक झालीच, तर पुढचा बंदोबस्त तयार.

आर-१ वर एक जनुक आहे, हॉक. त्याचं प्रथिन छोटंसं, पण पेशीचं आवरण निकामी करणारं. हे विष. या प्रथिनाचा संदेश, म्हणजे त्याचं आरएनए, भलतं टिकाऊ असतं. त्याच्याच शेजारून, उलट दिशेने, सॉक नावाचं एक आखूड आरएनए बनतं. ते हॉकच्या संदेशाला चिकटतं आणि विष बनूच देत नाही. हा उतारा. मात्र उतारा फार अल्पायुषी, मिनिटभरही टिकत नाही. प्लास्मिड जागेवर आहे तोवर नवा उतारा सतत तयार होत राहतो आणि कोणाला काही त्रास नसतो. आता एखाद्या पिल्लाला प्लास्मिड मिळालंच नाही अशी कल्पना करा. आईच्या पोटातून आलेला हॉकचा संदेश त्याच्याकडे आहे, थोडा सॉकही आहे. सॉक बघता बघता विरतो. नवा बनवायला जनुकच उरलेलं नाही. संदेश मात्र शाबूत. विष बनतं आणि पिल्लू मरतं.

म्हणजे औषधाच्या एका थेंबाचीही गरज नाही. प्लास्मिड सोडणाऱ्याला प्लास्मिडच मारतं.

याची दुसरी तऱ्हा आणखी सुरस आहे. सीसीडी नावाच्या जोडीत विष आणि उतारा दोन्ही प्रथिनं असतात. उतारा विषाला मिठी मारून बसतो, पण पेशीतलं लॉन नावाचं कात्रीसारखं एन्झाइम त्याचे तुकडे करत राहतं, विषाला मात्र हात लावत नाही. उतारा संपला की विष जाऊन बसतं गायरेज या एन्झाइमवर. डीएनएला पडलेले पीळ सोडवायला गायरेज त्याचे दोन्ही धागे कापतं, दुसरा भाग त्या फटीतून पार करतं आणि पुन्हा सांधतं. विष त्याला नेमकं कापलेल्या अवस्थेत अडकवतं. धागे तुटलेलेच राहतात. आणि आपण गोळी म्हणून घेतो ते सिप्रोफ्लॉक्सासिन काय करतं? याच गायरेजला याच अवस्थेत अडकवतं! प्रयोगशाळेत माणसाने ज्या जागी घाव घालायचा ठरवला, त्याच जागी प्लास्मिडं कधीपासून घाव घालत आलेली आहेत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून खोलीत नुसता फिरत होतो.

अशा जोड्या सगळ्याच प्लास्मिडांवर असतात असं नाही, आणि काही जोड्यांचं खरं काम जंतूंना विषाणूंपासून वाचवणं हे असावं असंही आता काही संशोधक मानतात. शिवाय पिढ्यानपिढ्या प्लास्मिड वागवताना जंतूच्या मुख्य डीएनएत असे बदल होतात की ओझं ओझंच राहत नाही.

प्रत्यक्षातला दाखला ब्रिटनमधला. तिथे १९९० च्या दशकात सल्फाच्या औषधांचा वापर ९७ टक्क्यांनी घटला. लंडनच्या एका हॉस्पिटलात ई. कोलाय तपासले, तर सल्फाला न जुमानणाऱ्यांचं प्रमाण १९९१ मध्ये ३९.७ टक्के होतं आणि १९९९ मध्ये ४६ टक्के. कमी होणं राहिलं बाजूला, थोडं वाढलंच! सल्फाचं जनुक ज्या प्लास्मिडांवर होतं, त्यांच्यावर इतर औषधांची जनुकंही होती, आणि ती औषधं चालूच होती. जतच्या बाबांच्या बाबतीतही हेच. मेरोपेनेमचं जनुक आणि जेंटामायसिनचं जनुक एकाच प्लास्मिडवर असेल, तर नुसतं जेंटामायसिन देत राहिल्यानेही दोन्ही टिकतात. 'एक औषध काही काळ विश्रांतीला ठेवू' हा विचार इथेच फसतो.

आता थोडं हळदीविषयी, कारण हळदीचं दूध पाजलं की सुपरबग, म्हणजे औषधांना न जुमानणारे जंतू, पळतात असे मेसेज आमच्या सांगलीत उत्साहाने फिरतात. आमच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरच्या पेवांचं कौतुक मलाही आहे. पण बशीत हळदीतलं करक्युमिन भरपूर ओतून जंतू मारणं वेगळं आणि पोटातून ते रक्तात पोचणं वेगळं. करक्युमिन रक्तात जेमतेम उतरतं. आयसीयूतल्या क्लेबसिएलाचं त्याने काहीही बिघडत नाही. आमटीत घाला, दुधात घाला, पण अँटिबायोटिकच्या जागी नको.

हॉस्पिटलातच हे सगळं का फोफावतं, ते उघड आहे. आजारी माणसं शेजारी शेजारी, प्रत्येकाला काही ना काही औषध चालू, लघवीची नळी, व्हेंटिलेटर, मोठ्या शिरेत घातलेली सेंट्रल लाइन. नळीच्या आतल्या बाजूला जंतू चिकट थर करून दाटीवाटीने राहतात, आणि दाटी म्हटल्यावर उसनवारी आलीच. तिथून ते वॉशबेसिनच्या मोरीत जातात, हातांवरून पुढच्या खाटेवर जातात. म्हणून हात धुणं आणि गरज संपताच नळी काढणं यांचं मोल नव्या औषधाइतकंच आहे. कल्चरला नमुना पाठवण्याआधी अँटिबायोटिक सुरू करण्याची घाई हा आणखी एक वैताग. मग बऱ्याचदा रिपोर्टात काही उगवतच नाही आणि सगळे अंधारात.

मग प्लास्मिडची पकड सुटूच शकत नाही का? विष-उताऱ्याचा बंदोबस्त शंभर टक्के पक्का नसतो. कोट्यवधी जंतूंत थोडे प्लास्मिड हरवूनही तगतात. त्यांना वरचढ करायला फक्त एक कारण हवं. पीआरडी-१ नावाचा एक विषाणू जंतूंना मारतो, पण प्लास्मिडने उभारलेल्या त्या उसनवारीच्या यंत्रणेलाच तो चिकटतो. यंत्रणा नाही, तर त्याला शिरायला दारच नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हा विषाणू प्लास्मिडवाल्या जंतूंत सोडला. जे वाचले त्यांतल्या बहुतेकांनी प्लास्मिड टाकलेलं होतं, आणि त्याबरोबर औषधांची जनुकंही गेली होती. उरलेल्यांनी प्लास्मिड आणि औषधाला न जुमानणं राखलं होतं, पण शेजाऱ्याला ते देण्याची क्षमता गमावली होती. हा प्रयोग झाला तो प्रयोगशाळेतल्या जंतूंवर. माणसाच्या आतड्यात शेकडो जातींची गर्दी असते आणि पीआरडी-१ ला काही ठरावीक घराण्यांचीच प्लास्मिडं लागतात, त्यामुळे तिथे प्रत्येक घराण्यासाठी वेगळा विषाणू शोधावा लागेल.