ख्रिस्ती श्रद्धा आणि खेळाडूची चूक

मैदानावर हातून घडलेली चूक मागे टाकून पुढच्या चेंडूकडे किंवा पुढच्या सामन्याकडे वळताना ख्रिस्ती खेळाडू आपल्या श्रद्धेचा जो आधार घेतात, त्याविषयीची ही नोंद. सामना जिंकून दे, ही प्रार्थना वेगळी. ती सगळ्याच धर्मांचे खेळाडू करतात आणि दोन्ही संघांतले करतात. इथे प्रश्न हरल्यानंतरचा आहे, तोही आपल्यामुळे हरलो हे माहीत असतानाचा.

या आधाराचे मूळ ‘कृपा’ या कल्पनेत आहे. माणसाला देव स्वीकारतो तो त्याची कर्तबगारी पाहून नव्हे, अशी ही शिकवण आहे. प्रॉटेस्टंट पंथांनी तिच्यावर विशेष भर दिला. खेळाडूचे जग याच्या नेमके उलटे चालते. तिथे कालच्या शतकावर आजची जागा मिळत नाही. त्यामुळे धावफलक आणि आपण एकच नाही, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. कॅथलिक परंपरेत पापनिवेदनाचा संस्कार आहे. झेल सुटणे हे काही पाप नव्हे आणि त्यासाठी कोणी पाद्रीबाबांपुढे गुडघे टेकत नाही. पण कबुली, क्षमा आणि पुन्हा सुरुवात ही चाल लहानपणापासून अंगवळणी पडलेली असते.

बायबलमध्ये याचा सर्वांत बोलका नमुना येशूचा शिष्य पेत्र याचा. येशूला अटक झाली त्या रात्री अंगणात कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत उभा असताना पेत्राने ‘मी याला ओळखत नाही’ असे तीनदा सांगितले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी पुनरुत्थित येशू त्याला सरोवराकाठी भेटतो. तिथेही कोळशांचा विस्तव असतो, त्यावर मासे भाजत असतात. न्याहारी झाल्यावर येशू त्याला तीनदा विचारतो, ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ आणि तीनदा काम सोपवतो. नकार पुसला जात नाही, त्याचा उल्लेख टाळलाही जात नाही. पण पेत्राचे काम काढून घेतले जात नाही. मागचे विसरून पुढच्या ध्येयाकडे धावण्याविषयीचे प्रेषित पौलाचे वाक्य (फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ३) खेळाडूंना जास्त आवडते, कारण त्यात शर्यतीचीच उपमा आहे. सांत्वन म्हणून पेत्राची गोष्ट अधिक खोल जाते.

खेळाच्या इतिहासात याचे ठळक उदाहरण म्हणजे जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लँगर. एप्रिल १९८५ मध्ये त्याने मास्टर्स ही गोल्फमधली मोठी स्पर्धा जिंकली. पुढच्याच आठवड्यात अमेरिकेतल्या हिल्टन हेड येथे सहकारी गोल्फपटू बॉबी क्लॅम्पेट त्याला खेळाडूंच्या बायबल अभ्यासवर्गाला घेऊन गेला, आणि तिथून त्याचा धर्माशी नवा संबंध सुरू झाला. सप्टेंबर १९९१ मध्ये साउथ कॅरोलायनातील किआवा आयलंडवर अमेरिका आणि युरोप यांच्या संघांतल्या रायडर चषकाचा निकाल त्याच्या एका ‘पट’वर, म्हणजे चेंडू खळगीत (‘होल’मध्ये) घालण्याच्या हलक्या टोल्यावर, येऊन ठेपला. अंतर सुमारे सहा फूट. चेंडू आत गेला असता तर १४–१४ अशी बरोबरी होऊन चषक आधीच्या धारकाकडे, म्हणजे युरोपकडेच राहिला असता. तो बाहेर राहिला आणि अमेरिका १४½–१३½ अशी जिंकली. ‘पट’ मारताना हात थरथरण्याच्या विकाराशी लँगर आधीच अनेक वर्षे झगडत होता, म्हणजे चूक झाली ती नेमकी दुखऱ्या जागी.

नंतर या प्रसंगाविषयी बोलताना त्याने जे सांगितले त्याचा आशय असा: परिपूर्ण माणूस एकच होऊन गेला आणि त्याला लोकांनी वधस्तंभावर दिले, माझा तर फक्त एक ‘पट’ हुकला. पुढच्याच रविवारी स्टुटगार्टला जर्मन मास्टर्समध्ये शेवटच्या होलवर त्याच्यापुढे पुन्हा तसाच, पण अधिक लांबचा ‘पट’ आला. तो त्याने घातला आणि बरोबरीनंतरच्या जादा खेळात (प्लेऑफमध्ये) स्पर्धाही जिंकली. १९९३ मध्ये त्याने दुसऱ्यांदा मास्टर्स जिंकली, तो दिवस ईस्टरचा होता. श्रद्धेमुळे चेंडू आत जातो असा याचा अर्थ कोणी काढू नये. हुकल्यावर आठवडाभरात पुन्हा त्याच जागी उभे राहता आले, एवढेच त्यातून दिसते.

महाराष्ट्राला जवळचे उदाहरण मुंबईची क्रिकेटपटू जेमिमा रॉड्रिग्जचे. २०२५ च्या महिला विश्वचषकात ती दोनदा शून्यावर बाद झाली आणि इंग्लंडविरुद्धच्या सामन्यातून वगळली गेली. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तिने नाबाद १२७ धावा केल्या आणि भारताने ३३९ धावांचे लक्ष्य गाठले. ८२ वर असताना तिचा झेल ऑस्ट्रेलियाच्या ॲलिसा हीलीच्या हातून सुटला होता. स्पर्धेच्या काळात आपण रोज रडत होतो, मन सतत धास्तावलेले असायचे, हे तिने सामन्यानंतर मोकळेपणाने सांगितले. शेवटी थकल्यावर ती स्वतःशी बायबलमधले एक वचन म्हणत होती: तू शांत उभी राहा, देव तुझ्यासाठी लढेल. निर्गम पुस्तकात पुढे समुद्र आणि मागे फारोचे (इजिप्तच्या राजाचे) सैन्य असताना मोशे लोकांना हेच सांगतो. शर्थीचे प्रयत्न करणाऱ्या खेळाडूने ‘शांत उभे राहण्याचे’ वचन धरावे, यात गंमत आहे खरी. पण घाबरलेल्या फलंदाजाला नेमके तेच जमत नसते.

अमेरिकेत या आधाराला संस्थांचे रूप आले. १९५४ मध्ये सुरू झालेली ‘फेलोशिप ऑफ ख्रिश्चन ॲथलीट्स’ शाळा-महाविद्यालयांतील खेळाडू आणि प्रशिक्षकांमध्ये काम करते.

मात्र चूक आणि गुन्हा यांतली रेषा पुसली की हाच आधार संशयास्पद होतो. दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट कर्णधार हॅन्सी क्रोनिए धार्मिक म्हणून प्रसिद्ध होता. ‘येशूने काय केले असते?’ असे विचारणारा पट्टा तो मनगटावर बांधी. मार्च २००० मध्ये नागपूरच्या एकदिवसीय सामन्याआधी त्याने आपल्याच संघातल्या हर्शेल गिब्ज आणि हेन्री विल्यम्स यांना खराब खेळण्यासाठी प्रत्येकी १५,००० डॉलर देऊ केले. (दोघे तयार झाले होते, तरी गिब्जने त्या सामन्यात ७४ धावा केल्या.) चौकशी आयोगापुढे क्रोनिएने आपल्या अधःपाताचे वर्णन करताना सैतानाचे नाव घेतले. अनेकांना ती कबुली वाटली, अनेकांना जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणे. गिब्ज आणि विल्यम्स यांच्यावर सहा महिन्यांची बंदी आली, क्रोनिएवर आजन्म. या बंदीविरुद्ध तो न्यायालयात गेला आणि हरला. १ जून २००२ रोजी विमान अपघातात तो वारला. दोन वर्षांनी दक्षिण आफ्रिकेतल्या प्रेक्षकांनी दूरचित्रवाणीवरील मतदानात देशातल्या थोर व्यक्तींच्या यादीत त्याला अकरावे स्थान दिले.