चिलटं, पार्किन्सन आणि पेशी मोजायचा घोळ

आंबा डंखून नासवणारी फळमाशी, जिच्यासाठी आपल्या बागांत सापळे टांगतात, ती ही नव्हे. काजूची बोंडं आंबायला लागली की घोंगावणारी लालडोळी चिलटं, म्हणजे ड्रोसोफिला, त्यांची ही गोष्ट. मेंदूला भोकं पडून अकाली मरणारी म्युटंट चिलटं 1970 च्या दशकातच माहीत होती, पण माणसाच्या मेंदूचे आजार माशीत अभ्यासायची गाडी खरी सुटली 1993 नंतर, यीस्टमधला गॅल4 स्विच वापरून हवा तो जीन माशीच्या हव्या त्या पेशींत चालू करता यायला लागला तेव्हा. (या स्विचचा जोर तापमानावर चढतो-उतरतो, आणि 30 अंशांच्या आसपास वाढवलेले नर वांझ होतात, त्यामुळे मे महिन्यात रत्नागिरीत इन्क्युबेटरशिवाय हे काम जमायचं नाही.) 1998 ला हंटिंग्टनच्या (मेंदू झिजवणारा आनुवंशिक आजार) जातकुळीतल्या आजारांची माणसाची बिघडलेली प्रोटीनं माशीच्या डोळ्यात घातली आणि डोळा खराब होत गेला.

मग 2000. पार्किन्सनमध्ये मेंदूत साठणारं अल्फा-सिन्यूक्लीन हे प्रोटीन माशीत घातलं, खरं तर माशीकडे त्याचा जीन मुळात नाहीच. नळी आपटली की निरोगी माशी वर चढते, या माशा वय वाढलं तशा चढेनाशा झाल्या, आणि डोपामाइन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशीही (पार्किन्सनमध्ये मरतात त्याच) मेल्या असं छापून आलं. खूप गाजलं, माझ्या मते जरा जास्तच. कारण 2005 ला दुसऱ्या एका गटाने अख्खा मेंदू न कापता कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मोजलं तर पेशी जागच्या जागी! पहिल्यांनी मेणात बसवलेल्या मेंदूचे पातळ काप काढून मोजलं होतं. त्यात पेशी ओळखायची खूण असते डोपामाइन बनवणारं एन्झाइम, ते घटलं की जिवंत पेशीसुद्धा दिसेनाशी होते, मग मेली की नुसती फिकट पडली हे सांगणार कसं? काही गटांना पेशी कमी दिसल्या, काहींना नाही, आणि वर चढायची टेस्ट मात्र सगळेच वापरत राहिले.

मला विचाराल तर माशीची खरी कमाई 2006 ची. पार्किन आणि पिंक1 हे बिघडले की पार्किन्सन होणारे दोन जीन: पार्किन 1998 ला जपानी कुटुंबांत सापडलेला, पिंक1 2004 ला युरोपातल्या. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काय, ते माशीने दाखवलं: पिंक1 नसलेल्या माशीत जादा पार्किन दिलं की मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) सुधारतात, उलट केलं तर नाही, म्हणजे पार्किन साखळीत पिंक1 च्या पुढे. इथे पेशी मोजण्यावर अडून बसायची गरजच नव्हती, बिघाड उडायच्या स्नायूंत ढळढळीत दिसत होता.